टाकीत इथेनॉल, गाडीत चादरी

१ नोव्हेंबर, सकाळी ९
आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही. पुढेमागे मी काही मोठं काम केलं तर सुरुवात कुठून झाली ते सापडावं म्हणून.

सध्या ताईकडे राहतोय. तीन वर्षं फिरून आलो. बोटीवर भांडी घासली, एका जादूगाराच्या पेट्या उचलल्या, आठ दिवस मधमाश्या पाळल्या. सगळीकडचं काम मी स्वतःहून सोडलं. मधमाश्यांच्या बाबतीत निर्णय दोन्ही बाजूंनी झाला.

ताईची लाँड्री आहे. हॉस्पिटलने तिला एक महिना ट्रायल दिली आहे. रोज सकाळी साडेसहाच्या आत धुतलेल्या कपड्यांचे सहा गठ्ठे पोचले पाहिजेत: चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे गाऊन. महिन्यात दोन उशीर माफ. तिसऱ्या उशिराला काम दुसऱ्या लाँड्रीकडे. निभावलं तर वर्षाचा करार. नाही निभावलं तर आपल्या लाँड्रीला कुलूप आणि ताई परत त्या जुन्या दुकानात दुसऱ्याच्या हाताखाली इस्त्री करायला. हे तिने काल मला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा माझं मनगट धरून सांगितलं. मी म्हणालो, ताई, मला एकदा सांगितलं की कळतं.

भाऊजींचा खांदा निखळल्यापासून त्यांना स्टिअरिंग फिरवता येत नाही. ताईला गाडी येत नाही. म्हणून व्हॅन माझ्या ताब्यात. व्हॅन माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.

आज पोचलो ६.२१. कापडखोलीच्या बाईंनी घड्याळ बघून रजिस्टरमध्ये वेळ लिहिली. मी नमस्कार केला. त्यांनी घड्याळाकडेच बघितलं. मी त्यांचं नाव साडेसहाबाई ठेवलंय.

संकल्प: रोज पाचला उठणे. व्हॅनमध्ये सुधारणा करणे. बासरी शिकणे.

२ नोव्हेंबर
काच पुसायला पेट्रोलपंपावर थांबलो. तिथे एक नवीन हिरवी नळी लावली आहे. पंपावरच्या मुलीला विचारलं, हे काय? ती म्हणाली, इथेनॉल. पंच्याऐंशी टक्के इथेनॉल, पंधरा टक्के पेट्रोल. उसापासून, मक्यापासून करतात. मी म्हणालो, म्हणजे शेतातून थेट इंजिनात? ती म्हणाली, मध्ये कारखाना असतो.

हजरजबाबी आहे.

मग तिने मला प्रश्न विचारले. रोज याच वेळेला जाता का? गठ्ठे किती असतात? गाडी उजवीकडे ओढते का? रविवारी पण जावं लागतं? एका अनोळखी माणसाबद्दल इतकी चौकशी कुणी उगाच करत नाही. पोचलो ६.२८.

४ नोव्हेंबर, दुपार
पंपावरून इथेनॉलचं माहितीपत्रक आणलं. दोनदा वाचलं. एक पान राहिलंय, पण अंदाज आला. या विषयावर एक सविस्तर लेख लिहिणार आहे. रकाने आखले.

फायदे: पिकापासून होतं, त्यामुळे दरवर्षी नवीन मिळतं. जमिनीखालचं तेल एकदा संपलं की संपलं. धूर कमी. ऑक्टेन जास्त, म्हणून इंजिन ठोके मारत नाही. बाहेरून तेल कमी आणावं लागतं.
तोटे: (विचार चालू.)

भाऊजी अभ्र्यांच्या घड्या करत होते. त्यांना सगळं समजावून सांगितलं. भाऊजी म्हणाले, हं. ताई मशीनमधून चादरी काढत होती. ती म्हणाली, मका गाड्यांनी खाल्ला तर माणसांनी काय खायचं? आणि उसाला पाणी किती लागतं, ते लिहिलंय का त्या कागदावर? मी म्हणालो, ते बहुतेक राहिलेल्या पानावर असेल. ती म्हणाली, मग ते वाच आधी, आणि त्याआधी हे टोक धर.

चादरीचं टोक धरलं. ताईची दृष्टी चादरीपलीकडे जात नाही. तिचा दोष नाही.

५ नोव्हेंबर
पंपावर. मुलीला म्हणालो, हिरव्या नळीने टाकी भरा. तिने टाकीचं झाकण उघडून आतून बघितलं. म्हणाली, इथेनॉल चालणाऱ्या गाडीच्या झाकणावर तसं लिहिलेलं असतं. तुमच्या झाकणावर काही नाही. मी म्हणालो, नसेना. ती म्हणाली, नसेना कसं? जुनी गाडी आहे, रबरी नळ्या फुगतील, थंडीत चालू होणार नाही, वाटेत बंद पडलात तर गठ्ठे कोण नेणार?

इतकी काळजी. मला जरा भरून आलं.

पण तत्त्वाचा प्रश्न आहे. अडचण फक्त झाकणावर लिहिलेलं नाही एवढीच आहे.

६ नोव्हेंबर, संध्याकाळी
झाकणावर लिहिलं. भाऊजींची कपड्यांवर खुणा करायची शाई वापरली. शंभर वेळा उकळत्या पाण्यात धुतली तरी जात नाही अशी ती शाई आहे, भाऊजींना तिचा अभिमान आहे. सुबक अक्षरात लिहिलं: इथेनॉल चालेल. कंपनीनेच लिहिल्यासारखं वाटतं. फक्त 'चालेल'मधला शेवटचा ल जरा उतरला.

शाई माझ्या तीन बोटांना आणि एका अभ्र्याला लागली. अभ्रा गठ्ठ्याच्या मधोमध ठेवला.

बासरीचं दुकान बंद होतं.

७ नोव्हेंबर, रविवार
ऐतिहासिक दिवस.

आमच्या व्हॅनचा पेट्रोलचा काटा मी लहान होतो तेव्हापासून रिकाम्यावर आहे. भाऊजींनी त्यावर आपली पद्धत काढली आहे. दाराच्या आतल्या बाजूला खडूने रेघ मारायची, सकाळी एक कपडे पोचवण्याच्या फेरीची, संध्याकाळी एक मळके कपडे आणण्याच्या फेरीची. वीस रेघा झाल्या की टाकी भरायची, रेघा पुसायच्या. पंधरा वर्षांत गाडी एकदाही वाटेत कोरडी पडली नाही. आज विसावी रेघ झाली.

दुपारी पंपावर गेलो. मुलीची सुट्टी होती. तिच्या जागी मिशीवाला होता. त्याने झाकणावरचं वाचलं, मान हलवली आणि हिरवी नळी लावली. काही विचारलं नाही. व्यवस्थेत अशी माणसं हवीत. रेघा पुसल्या.

८ नोव्हेंबर
इंजिनाचा आवाज गोड झालाय. धुराला वेगळा वास येतो, फळं जास्त पिकल्यावर येतो तसा. चढावर गाडी थोडी विचार करते, मग जाते. माणसानेही असंच करावं.

पंपापाशी वेग कमी करून मुलीला हात केला. तिने गाडीचा आवाज कान देऊन ऐकला आणि कपाळाला आठ्या घातल्या. मी दिसेनासा होईपर्यंत बघत होती. ६.२४.

१० नोव्हेंबर
थंडी. चावी चौदा वेळा फिरवली. गाडी खोकते, पण उठत नाही. इथेनॉलची वाफ थंडीत लवकर होत नाही, असं त्या राहिलेल्या पानावर निघालं. यात तोटा कसला, माणूसही थंडीत लवकर उठत नाही.

भाऊजींची शेकायची रबरी पिशवी गरम पाण्याने भरून इंजिनावर ठेवली. गाडी उठली. पोचलो ६.२९. साडेसहाबाईंनी पेन उचलून परत खाली ठेवलं.

भाऊजी दिवसभर पिशवी शोधत होते. ती इंजिनावरच राहिली होती. आता तिला एक नवीन आकार आलाय.

११ नोव्हेंबर, दुपारी
पोचलो ६.५२. उशीर पहिला.

यात माझा हात नाही. पुलाच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि थांबली. गॅरेजचे मेस्त्री जवळच राहतात म्हणून बरं. ते लुंगी सावरत आले, कार्ब्युरेटर उघडला, आतलं बारीक भोक फुंकून साफ केलं. माझ्या हातावर काळा गाळ ठेवून म्हणाले, हा बघा तुमच्या टाकीचा पंचवीस वर्षांचा संसार. इथेनॉल टाकी धुतं. धुतलेली घाण पुढे येऊन इथे अडकते. कोणी सांगितलं हे भरायला? मी म्हणालो, झाकणावर लिहिलंय. त्यांनी झाकण बघितलं, मग माझी बोटं बघितली. जुना कारागीर.

फायद्यात भर: टाकी आतून स्वच्छ होते.

ताईला म्हणालो, यांत्रिक बिघाड होता. ती म्हणाली, आता एकच उरला. मी तिला टाकी धुतली गेल्याचं सांगणार होतो, म्हटलं धुण्याच्या धंद्यातल्या माणसाला कौतुक वाटेल. पण तिचा चेहरा बघून लेखासाठी राखून ठेवलं.

१३ नोव्हेंबर
मेस्त्रींकडे गेलो होतो. त्यांनी एक भारी प्रयोग दाखवला. काचेची उभी नळी, तिच्यावर आकडे. तळाला दहापर्यंत पाणी घ्यायचं, वर शंभरपर्यंत इंधन. बूच लावून हलवायचं, ठेवून द्यायचं. इथेनॉलला पाण्याची ओढ फार. ते पेट्रोलला सोडून पाण्यात जातं. खालचा थर जितका वाढला तितकं इथेनॉल. माझ्या टाकीतला नमुना घेतला तर पाण्याचा थर जवळजवळ वरपर्यंत आला. मेस्त्री म्हणाले, ही गाडी नाही, बार आहे.

म्हणाले, दारू माणसाला चढते तशी रबरालाही चढते. नळ्या बदला. साधं पेट्रोल भरा, त्यात थोडं इथेनॉल हल्ली असतंच, तेवढं ही म्हातारी पचवेल. मी म्हणालो, विचार करतो.

प्रयोग मात्र मनात बसला. मी शाळेत अशा दिवशी हजर असतो तर आज शास्त्रज्ञ असतो.

१५ नोव्हेंबर, सकाळी ११
पोचलो ६.४७. उशीर दुसरा.

गाडी चौकात उभी राहिली. सगळं उघडून बघितलं. बिघाड नाही. टाकी कोरडी. दारावर रेघा मोजल्या: सोळा. वीस नाही, सोळा. म्हणजे माझी चूक नाही, रेघांची चूक आहे.

बाटली घेऊन पंपापर्यंत पळत गेलो. मुलीने बाटलीत साधं पेट्रोल घातलं आणि सांगितलं, इथेनॉलमध्ये लिटरमागे ताकद कमी असते, मायलेज पाव हिश्श्याने उतरतं, वीसच्या पंधरा करायला हव्या होत्या. हे तिने तोंडी हिशोब करून सांगितलं. रूप आणि गणित एका ठिकाणी सहसा मिळत नाही.

घरी आलो तर ताई दारात. ती सरळ गाडीपाशी आली आणि टाकीचं झाकण काढून हातात घेतलं. मोठ्याने वाचलं: इथेनॉल चालेल. मग भाऊजींकडे बघितलं. भाऊजी म्हणाले, शाई माझी, अक्षर माझं नाही.

मला वाटलं ती ओरडेल. ती मळक्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसली. म्हणाली, आता एकही नाही रे. पंधरा दिवस राहिलेत आणि हातात एकही नाही. तुला कळतंय ना? मी म्हणालो, कळतंय. ती म्हणाली, तू मधमाश्यांबद्दल पण असंच म्हणाला होतास.

साधं पेट्रोल भरलं. नळ्या बदलल्या. झाकणावरचं पुसायला साबण, रॉकेल, कपड्यांचा ब्लीच, सगळं वापरून झालं. भाऊजी शांतपणे म्हणाले, शंभर धुण्यांची गॅरंटी आहे.

१६ नोव्हेंबर
नवीन मी. पाचला उठलो. ६.१४. साडेसहाबाईंनी दोनदा घड्याळ बघितलं.

१९ नोव्हेंबर
६.१६. पंपावर मुलगी गाडीभोवती फिरली. विचारलं, क्लच जड आहे का? मागे वजन असलं की ब्रेक किती आधी दाबता? मला एकदा बसून बघू देता? बसली. आरसा स्वतःच्या उंचीला लावला. म्हणाली, सीट छान आहे.

ती माझ्या जागेवर बसली होती. यात जे समजायचं ते मी समजलो.

२३ नोव्हेंबर
६.१५. लेख पुढे सरकला नाही. रस्त्यात एक क्रेन पाण्याची टाकी उचलत होती, ती बघण्यात दुपार गेली. क्रेन चालवायला काय लागतं, चौकशी केली पाहिजे.

मुलीने विचारलं, तुम्ही हे काम किती दिवस करणार? मी म्हणालो, मी एका जागी टिकणारा माणूस नाही, पण योग्य माणूस भेटलं तर टिकेन. ती म्हणाली, म्हणजे सोडायचा विचार आहे? आवाजात उत्सुकता होती. चिंता म्हणू हवं तर.

२५ नोव्हेंबर
विसावी रेघ. टाकी भरली. भरायला मिशीवाला होता. मी पलीकडे मुलीशी बोलत होतो. तिला गठ्ठ्यांची बांधणी समजावून सांगितली, गाऊन वर, चादरी खाली. तिने खिशातल्या कागदावर लिहून घेतलं. माझे शब्द आजवर कोणी लिहून घेतले नव्हते.

२९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७
उद्या शेवटचा दिवस. चौदा दिवस एकही उशीर नाही. ताई आज मला जेवताना वाढत होती तेव्हा म्हणाली, उद्याचं एकदा पोचलं की झालं बघ. मग आणखी एक पोळी वाढून म्हणाली, चांगलं केलंस. हे वाक्य तिने मला याआधी कधी म्हटलं ते आठवून बघितलं. आठवलं नाही.

पण एक गोष्ट खटकली. संध्याकाळी मिशीवाला भेटला. म्हणाला, कशी चालते गाडी इथेनॉलवर? मी म्हणालो, आता साधं पेट्रोल आहे. तो म्हणाला, हो का? मग त्या दिवशी मी कुठल्या नळीने भरलं? मी म्हणालो, तूच सांग. तो म्हणाला, लक्षात नाही बुवा, मी झाकणावरचं वाचतो आणि भरतो.

उद्या गाडी उठली नाही तर?

सात चाळीस
मेस्त्रींकडे गेलो. गॅरेज बंद. काचेची नळी आत टेबलावर, खिडकीतून दिसते. हे बघून आणखी वाईट वाटलं.

आठ वाजता
शांतपणे विचार केला. प्रयोगाचं तत्त्व मला माहीत आहे. नळी म्हणजे शेवटी एक भांडं. टाकी हेही भांडंच. शिवाय चमचाभर नमुन्यावर भरवसा काय ठेवायचा? पूर्ण टाकीचा प्रयोग केला तर उत्तर पूर्ण येणार.

आणि त्यात दुहेरी सोय आहे. इथेनॉल असलंच तर ते पाण्यात जाऊन तळाला बसेल, वर शुद्ध पेट्रोल उरेल. जड ते खाली, हलकं ते वर. म्हणजे तपासणी आणि शुद्धीकरण एका कामात. मेस्त्रींनाही हे सुचलं नसेल.

साडेआठ
टाकीत अंदाजे वीस लिटर असावं. दहाला एक या हिशोबाने दोन तांबे पाणी घातलं. ताईच्या मशीनचं, गाळलेलं. हलवणं महत्त्वाचं म्हणून मागच्या बंपरवर उभा राहून पन्नास उड्या मारल्या. भाऊजी खिडकीत आले. विचारलं, काय चाललंय? मी म्हणालो, व्यायाम. ते म्हणाले, हं.

टाकीत टॉर्च मारून बघितलं. काही दिसलं नाही. म्हणजे ठीक आहे.

आज प्रथमच कुणाचं तरी काम मी शेवटपर्यंत नेतोय असं वाटलं. लवकर झोपतो.

३० नोव्हेंबर, सकाळी १०
५.५० ला निघालो. गाडी एका चावीत उठली. ताई दारात उभी होती, तिने हातही केला. मी हॉर्न वाजवला.

५.५३ ला पंपाच्या तोंडाशी गाडी थांबली. चावी फिरवली, फक्त घुर्र. परत फिरवली. खालून थेंब थेंब काहीतरी गळत होतं, बोट लावून बघितलं तर वास नाही, रंग नाही. पाणी.

इंजिनाला जाणारी नळी टाकीच्या तळातून निघते. वरून नाही. ही गोष्ट कुणी मला सांगितली नव्हती.

मुलगी धावत आली. मी तिला प्रयोग समजावून सांगायला लागलो. तिने माझ्या बोलण्याच्या मधेच विचारलं, सहाच गठ्ठे ना? पंपमालकांच्या पिकअपची चावी ऑफिसात खिळ्याला असते. ती घेऊन तिने पिकअप मागे लावली. मी उचलत होतो, ती रचत होती. गाऊन वर, चादरी खाली. मी पुढच्या सीटवर बसायला गेलो तर म्हणाली, तुम्ही थांबा, व्हॅन ढकलून बाजूला घ्या, पंपाची वाट अडली आहे. मी म्हणालो, रस्ता मी दाखवतो. ती म्हणाली, मला माहीत आहे, महिनाभर विचारतेय.

आणि गेली.

मी व्हॅन ढकलली. एकट्याने ढकलली. मिशीवाला स्टिअरिंगला होता. ६.३० झाले तेव्हा घड्याळाकडे बघितलं नाही. ६.४० ला बघितलं. ताईला फोन लावायला काढला आणि परत ठेवला. तिला काय सांगायचं ते सुचेना. नेहमी सुचतं.

दुपारी २
ती ६.२६ ला पोचली. ताईला साडेसहाबाईंचाच फोन आला. सगळे गठ्ठे मोजून घेतले, रजिस्टरमध्ये वेळ लिहिली. कोण तुम्ही, असं विचारल्यावर मुलीने सांगितलं, लाँड्रीची ड्रायव्हर.

ताई फोन ठेवून मशीनवर डोकं टेकून उभी राहिली. मशीन चालू होतं, त्यामुळे तीही हलत होती. भाऊजींनी तिच्या पाठीवर डावा हात ठेवला. मी बाहेर गेलो.

मेस्त्रींनी टाकी उपसली. काचेच्या नळीत नमुना तपासला. म्हणाले, त्या दिवशी साधंच पेट्रोल भरलं होतं तुमच्या मिशीवाल्याने. एकदम बरोबर होतं. बाकीचं पाणी. किती तांबे? मी म्हणालो, दोन. ते म्हणाले, आणखी दोन घातले असते तर मासे पाळता आले असते.

लेखात तोट्यांच्या रकान्यात पहिली नोंद केली: चालकाला माहिती नसल्यास.

१ डिसेंबर
करार झाला. वर्षाचा. ताईने कागद तीनदा वाचला, भाऊजींनी एकदा, मी वरवर.

दुपारी ताई चांगली साडी नेसली आणि म्हणाली, पंपावर जाऊन येते, त्या मुलीशी बोलायचंय. मी म्हणालो, मी येऊ? म्हणाली, तू नको, हे मोठ्यांनी बोललेलं बरं.

मी दाढी केली. अशा गोष्टी घरच्या वडीलधाऱ्यांनी बोलाव्यात हेच योग्य. महिनाभराची तिची चौकशी, सीटवर बसणं, सगळं ताईच्याही लक्षात आलेलं दिसतंय. आपण आपल्या बहिणीला कमी समजतो.

संध्याकाळी
ताई हसत आली. म्हणाली, हो म्हणाली ती. मी खाली बघितलं. म्हणालो, लगेच? ताई म्हणाली, लगेच. तिला पंपावर उभं राहून कंटाळा आला होता, गाडीचं काम कधीपासून शोधत होती. लायसन्स आहे, तोंडी हिशोब येतो, वाट पाठ आहे. उद्यापासून व्हॅन तिच्याकडे.

भाऊजी माझ्या दाढीकडे बघत होते. म्हणाले, रक्त आलंय, हनुवटीला.

२ डिसेंबर
ताईने मला घड्या करायला बसवलं. भाऊजी शिकवत होते. दुपारपर्यंत अकरा अभ्रे झाले. ताईने ते उघडून त्यांच्या परत घड्या केल्या.

संध्याकाळी ती म्हणाली, पंपमालकांना एक माणूस कमी पडलाय, मी तुझ्यासाठी शब्द टाकलाय. मी म्हणालो, ठीक आहे, माझा इंधनाचा अभ्यास आहेच. ती म्हणाली, ते मी त्यांना सांगितलं. म्हणूनच त्यांनी तुला टायरमध्ये हवा भरायच्या मशीनवर ठेवलंय. नळ्यांना हात लावायचा नाही.

३ डिसेंबर
पहिला दिवस. आठला पोचलो. वेळ पावणेसहाची होती. मालक म्हणाले, तुझ्या बहिणीकडे बघून आजचा दिवस सोडतो. एवढंच म्हणाले, पण सगळ्यांसमोर.

हवा हा विषय वाटतो तितका सोपा नाही. पुढचं चाक, मागचं चाक, रिकामी गाडी, भरलेली गाडी. कोणी लेख लिहिलेला दिसत नाही.

६ डिसेंबर, सकाळी ७
साडेपाचला आलो. अंधार होता, मिशीवाला कुलूप उघडत होता.

५.५६ ला आपली व्हॅन आली. झाकणाला नवीन रंग मारलाय, खालून अक्षरं थोडी दिसतात. मुलीने काच खाली केली आणि म्हणाली, चारही चाकं बघा. मी वाकून एकेक बघितलं. चारही बरोबर होती. कालही बरोबर होती, परवाही. मी म्हणालो, तुम्हाला रोज थांबायची गरज नाही, उशीर होईल.

ती म्हणाली, हवेसाठी नाही थांबत. ताईंनी सांगितलंय, रोज जाताना बघून जा तो कामावर आलाय का, आणि मला फोन कर.

तिने तिथूनच फोन लावला. म्हणाली, हो ताई, आलाय. मग पलीकडचं थोडा वेळ ऐकलं, काच वर केली आणि गेली.

मी विचारलं नाही ताई काय म्हणाली ते.